पटावरचं गाव

आई नव्वदी ओलांडून गेली. माण तालुक्यातल्या गावांत तिनं चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ती गेल्यापासून जे मनात येत राहिलं, ते जमेल तसं सांगते.

१. आई समाजसेवा करते असं आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं, तिला तर मुळीच नाही. १९५२ साली सातवीची फायनल पास होऊन ती स्कूल बोर्डाच्या शाळेत लागली, ट्रेनिंग पुढे नोकरीतच झालं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, मग बदल्या होत राहिल्या. नव्या गावात गेलं की ती आधी घरोघर फिरायची. शाळेत न येणारं पोर कुठलं, का येत नाही, हे विचारायची. पटनोंदणीचं हे काम सगळ्याच शिक्षकांना असे. आई नाव पटावर चढल्यानंतरही त्या घरी जात राहायची.

२. तिला मी खरी ओळखली ती बहात्तरच्या दुष्काळात. मी चौथीत होते. घरंच्या घरं खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागली, धाकट्यांना सांभाळायला थोरल्या मुलींना सोबत नेऊ लागली, आणि वर्ग रिकामा झाला. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी, असे ते दिवस. शाळा सुटली की आई पिशवीत पाट्या घालून कामावर जायची आणि खडीच्या ढिगाच्या सावलीला त्या मुलींना घेऊन बसायची. मुकादम कुरकुरला, तेव्हा वाद न घालता तिनं त्याचीही मुलगी पुढे बसवून घेतली. उपाशी मुलींना पाढे कशाला, असा प्रश्न मला त्या वयातही पडायचा. त्यांतली एक पुढे नर्स झाली. ती मला म्हणाली, “पाढे इसरले गं. पण बाई आमच्यासाठी चालत यायच्या, ते न्हाय इसरले.”

३. १ जून हा महाराष्ट्रातल्या किती माणसांचा कागदोपत्री वाढदिवस आहे! जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आलं की गुरुजी सरसकट ती तारीख घालायचे. शाळा जूनमध्ये भरायची, वयाचा हिशेब सोपा जायचा. आईनंही ती लिहिली असेल, पण अगदी नाइलाज झाला तरच. आधी ती मुलाच्या आईला बसवून विचारायची : पेरणी झाली होती का? जत्रा आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता की मांडीवर? त्यावरून महिना तरी जुळवायची. याच तारखेवरून उद्या नोकरी लागेल आणि संपेलही, हे तिला ठाऊक होतं. परक्याच्या सहा वर्षांच्या पोराच्या निवृत्तीची काळजी वाहणारं दुसरं माणूस मला आजवर भेटलेलं नाही.

४. प्रश्न नीट विचारणं हीसुद्धा माया असते, हे तिच्याबरोबर फिरताना कळलं. १९९१ च्या जनगणनेत ती प्रगणक होती. काय काम करता, असं विचारलं की बाया म्हणायच्या, “काय न्हाय, घरीच असते.” शेतातलं बिनमजुरीचं कामही धरायचं, असं त्या वर्षी प्रश्नातच स्पष्ट म्हटलं होतं. आई विचारायची, “सकाळपासून काय काय केलंस?” मग खुरपणी, शेण, वैरण, पाणी, मळणी असं एकेक निघायचं. वेळ दुप्पट लागायचा. शेवटी सुनेच्या नावानं काही लिहिलं जातंय, हे बघायला सासवाही दारात येऊन उभ्या राहायच्या.

५. आम्हा भावंडांना आई वाटून घ्यावी लागली. शाळेत ती बाई, तिथं आई म्हणायची सोय नव्हती. घरी आलं तर पंगतीला कुणाचं तरी पोर असायचंच. मला त्याचा राग यायचा आणि तो बराच काळ टिकला. तो आता नाही, पण होता, हे लिहिल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

६. निवृत्तीनंतर तिनं साक्षरतेचा वर्ग घेतला. बायांना आधी सही हवी होती, अंगठ्याची शाई नको होती. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे बायकांच्या राखीव जागा पक्क्या झाल्या आणि त्याच वर्गातली एक सरपंच झाली. ती रात्री प्रोसिडिंग बुक घेऊन आमच्याकडे यायची. आईनं तिला कधी सल्ला दिला नाही. फक्त म्हणायची, “मोठ्यानं वाच, मग सही कर.”

७. आणि घेणंही तिला जमलं. आयुष्यभर देणाऱ्यांना ते अवघड जातं म्हणतात. शेवटच्या वर्षी ती नर्स झालेली विद्यार्थिनी येऊन तिला आंघोळ घालायची. आई संकोच न करता हात पुढे करायची आणि तिच्या नातवंडांची चौकशी करायची, शाळेत जातात ना म्हणून.

दहाव्याला आलेल्या माणसांनी जे सांगितलं, त्यातलं निम्मं आम्हाला माहीत नव्हतं. आईनं ते कुठे लिहून ठेवलं नाही, आम्ही विचारलं नाही. तुमच्या घरात, आळीत, गावात अशी एखादी म्हातारी बाई असेल तर वही घेऊन तिच्याकडे जा. पहिल्या शाळेपासून विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.