अंगणांतील बाग व घरचा दगड

उद्यानरचना शिकणारे आपले तरुण परदेशी बागांचीं चित्रें पाहून तशीच हिरवळ व सिमेंटची फरसबंदी वाड्यापुढें करूं पाहतात. आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं प्रथम नांदेड-लातूरकडील जमीन व जुन्या बारवा डोळसपणें पाहाव्या. सन २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलखांत हिरवळीचा हव्यास परवडणारा नाहीं. त्याऐवजीं कडुनिंब, करंज, सीताफळ लावावें.

आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. सबब तिजवर थेट घातलेली सिमेंटची फरशी तडकते. वाटेपुरती काळी माती काढून मुरूम चोपून भरावा, वर बारीक खडी पसरून काळा दगड सांधे मोकळे ठेवून बसवावा. पाणी सांध्यांतून मुरतें, आणि दगड हलला तरी पुन्हां बसवितां येतो.

मात्र दगड घरचा म्हणून चिखलांत उंच भिंती रचूं नयेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत अशाच जाड भिंती व त्यांवरील मातीचीं जड धाबीं कोसळून हजारों माणसें दगावलीं. तोच दगड वाफ्याच्या कडेस व झाडाच्या पारास, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, खुशाल वापरावा. कुंपण मात्र सागरगोट्याचें किंवा करवंदीचें जिवंत करावें.

वाट व पार हीं कामें उन्हाळ्यांतच उरकावीं, म्हणजे मृगाच्या पावसावर झाडें लावण्यास जागा तयार राहील.