आत्यानं कानात सांगितलेलं नाव

आई-बाबांनो, बारशाला आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्रर्र' केलं आणि पोरींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळं घर हसलं. ते नाव बाळाला ऐकू गेलं का, एवढं मात्र पाहायचं राहिलं. आज त्याबद्दलच बोलू या.

आपल्या बेळगाव-निपाणीकडे मूल बोलेना झालं की उत्तर तयार असतं : "घरात मराठी, गल्लीत कानडी. पोर गोंधळलंय, बोलेल हळूहळू." पण दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. आजीशी मराठीत हट्ट करणारं आणि दुकानात कानडीत गोळी मागणारं पोर आपल्याच गल्लीत आहे. सव्वा-दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर भाषेला बोल लावू नका, आधी कान तपासा.

"टाळी वाजवली की वळतो की!" हेही मनातून काढून टाका. मूल तुमची सावली बघून वळतं, हादऱ्यानं वळतं. कुकरची शिट्टी ऐकणाऱ्या मुलालाही 'स', 'श' ऐकू येत नसतील. खरी तपासणी यंत्रानंच होते. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवतात. काही मिनिटांत काम होतं, दुखत नाही. शंका राहिली तर बेरा चाचणीत आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, ते कळतं.

वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे. बारशाच्या महिन्यात पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, आणि उष्टावणाच्या सुमारास, म्हणजे सहाव्या महिन्यापर्यंत, उपचार सुरू. आपल्याकडे अडचण होते ती वेगळीच. बाळंतपण माहेरी कागल-कोल्हापूरला, सासर निपाणीला. फेरतपासणीचा कागद दोन राज्यांच्या मधे हरवतो. तो कागद लसीच्या कार्डाला टाचून ठेवा.

मुलांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोगा आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात. त्यावरची गोवर-रुबेला लस देण्याची मोहीम ५ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या राज्यांत कर्नाटक होतं. नवव्या आणि सोळाव्या महिन्यानंतरचे दोन्ही डोस चुकवू नका. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे अजून आहे. नवरा-बायको दोघांना नीट ऐकू येत असूनही दोघांकडून एकच दोष बाळात उतरू शकतो. अशा घरात, किंवा बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, तर तपासणी टाळूच नका. आणि अशा वेळी एकट्या सुनेला दोष देऊ नका.

कान वाहत असेल तर गरम तेल घालू नका, काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा. शिवजयंतीच्या, गणपतीच्या मिरवणुकीत तान्ह्याला डॉल्बीच्या भिंतीजवळ नेऊ नका. आवाजानं आतल्या कानातल्या बारीक पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आणि निदान झालंच तर खचू नका. श्रवणयंत्र लावलं म्हणून कान आळशी होत नाही. यंत्र पुरेसं नसेल तर शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट आहे. त्यासाठी जन्मजात बहिऱ्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण ती साधारण पाच वर्षांच्या आतल्यांना. पुढची मोठी केंद्रं म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था. यंत्रानंतर शिकवणी घरचीच : समोर बसून, तोंड दिसेल असं, दिवसभर बोलत राहा. तुमच्या घरच्या भाषेत बोला.

या आठवड्यात एवढंच करा. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना विचारा, "आमच्या बाळाची कानाची तपासणी झालीय का?" झाली नसेल तर जिल्हा रुग्णालय गाठा. वाट पाहण्यात गेलेलं पहिलं वर्ष पुढे कुठलंही यंत्र भरून देत नाही.