घटक 4 : आपत्तीच्या बातमीची भाषा – लष्करी शब्द आणि हरवलेला कर्ता

4.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• आपत्तीविषयक लेखनातील लष्करी शब्द ओळखणे.
• मदतीला येणाऱ्या दलांसाठी अचूक संज्ञा वापरणे.
• कर्ता लोपलेल्या वाक्यरचनेचा परिणाम स्पष्ट करणे.

4.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तलेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात आपण एकाच घटनेच्या आधारे भाषेचा विचार करणार आहोत.

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे 1,050 प्रवासी होते. त्यांत नऊ गर्भवती महिला होत्या. 27 जुलै रोजी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजेच एनडीआरएफ, तसेच नौदल, लष्कर, हवाई दल, रेल्वे, पोलीस आणि परिसरातील गावकरी यांच्या प्रयत्नांतून सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले.

याच उल्हास नदीच्या काठाने पुढे यावे, तर मोहने लागते. मोहने, आंबिवली किंवा कल्याण परिसरात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना 26 जुलै 2005 चा पूरही आठवत असेल. त्यामुळे आपत्तीची भाषा हा विषय तुमच्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही.

4.2 युद्धातून आलेली शब्दकळा

पुढील नमुना वाक्य पाहा :

(अ) पुराच्या वेढ्यात अडकलेल्या प्रवाशांच्या सुटकेसाठी लष्कराला पाचारण करण्यात आले असून युद्धपातळीवर बचावकार्य सुरू आहे.

‘वेढा’, ‘युद्धपातळी’ हे शब्द रणांगणावरचे आहेत. ‘मोहीम’, ‘कुमक’, ‘रसद’, ‘तैनात’, ‘तुकडी’ हे शब्दही आपत्तीच्या बातम्यांत सर्रास येतात. यांपैकी ‘मोहीम’ व ‘तैनात’ यांचे मूळ अरबी, ‘रसद’चे फारसी, तर ‘कुमक’चे तुर्की आहे. मध्ययुगीन राज्यव्यवहारातून ते मराठीत रुजले आणि आता ते परके वाटत नाहीत.

या शब्दांमुळे तातडी आणि शिस्त यांचा बोध होतो, हा त्यांचा लाभ. परंतु रूपकाबरोबर त्याचा अर्थव्यूहही येतो. पुराला शत्रू म्हटले, की पाणी ‘हल्ला’ करते आणि दोष पाण्याकडे जातो. पूररेषेच्या आत बांधकाम कसे झाले, नाले का बुजले, हे प्रश्न मागे पडतात. शत्रूला कोणी परवानगी देत नाही. बांधकामाला मात्र कोणीतरी दिलेली असते. नदीकाठचे लोक ‘पाणी चढले’, ‘पाणी ओसरले’ असे म्हणतात. या क्रियापदांत शौर्य नाही, पण पाण्याची पातळी नेमकी कळते.

4.3 कोणते दल?

एनडीआरएफची पथके आली, की ‘लष्कर आले’ असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. हे दल आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये स्थापन झाले असून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. लष्कर, नौदल व हवाई दल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. आपत्तीत सेनादले येतात ती मुलकी प्रशासनाच्या विनंतीवरून, त्याच्या साहाय्यासाठी. ‘लष्कराने ताबा घेतला’ असे लिहिणारा वार्ताहर म्हणून केवळ शब्दाची चूक करत नाही. अधिकार कोणाकडे आहे, याविषयी तो गैरसमज पसरवतो.

4.4 हरवलेला कर्ता

आता वाक्य (अ) पुन्हा वाचा. पाचारण कोणी केले? बचाव कोण करत आहे? ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. त्याच्याशी पुढील वाक्याची तुलना करा :

(आ) एनडीआरएफच्या जवानांनी आणि नौदलाच्या पथकांनी प्रवाशांना बाहेर काढले. परिसरातील गावकरी त्यांच्या मदतीला धावले.

येथे प्रत्येक क्रियेला कर्ता आहे, म्हणून गावकरी दिसू लागतात. अनेक यंत्रणा एकत्र काम करत असतील किंवा कर्ता ज्ञात नसेल, तेव्हा ‘-ण्यात येणे’ ही रचना उपयुक्त ठरते. मात्र ती सवय झाली, की श्रेय आणि जबाबदारी दोन्ही निराधार होतात.

मदत घेणाराही कर्ता असू शकतो. 15 जानेवारी 2022 रोजी प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपराष्ट्राजवळ समुद्रातील ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची नौदल जहाजे मदत घेऊन निघाली. त्या वेळी टोंगा जवळजवळ करोनामुक्त होते. म्हणून टोंगाच्या सरकारने मदत प्रत्यक्ष संपर्काविना उतरवण्याचा आग्रह धरला आणि मदत करणाऱ्या देशांनी तो पाळला. ‘टोंगाला मदत पाठवण्यात आली’ या वाक्यात हा निर्णय कोठेच दिसत नाही.

4.5 सूचनेची भाषा

बातमीत कर्ता हरवला, तर वाचक अंधारात राहतो. सूचनेत हरवला, तर जीव धोक्यात येतो. ‘आवश्यकतेनुसार नागरिकांचे स्थलांतर करण्यात येईल’ हे वाक्य ऐकून नदीकाठच्या माणसाने काय करावे? निघावे, की कोणी येईपर्यंत थांबावे?

महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली असताना रेल्वेने प्रवाशांना गाडीतून न उतरण्याचे आवाहन केले आणि गाडी सुरक्षित असल्याचे कारणही सांगितले. काय करू नये आणि का, हे दोन्ही त्यात होते. उत्तम सूचनेत कोणी, काय, केव्हा, कोठे आणि का यांची उत्तरे थोडक्यात मिळतात.

4.6 सारांश

लष्करी शब्द आपत्तीच्या लेखनात निषिद्ध नाहीत; त्यांचा वापर जाणीवपूर्वक हवा. दलाचे नाव अचूक लिहावे, शक्य तेथे कर्ता सांगावा आणि मदत घेणाऱ्या माणसाला केवळ कर्म करून ठेवू नये.

आपली प्रगती तपासा

1. ‘युद्धपातळीवर’ हा शब्द आपत्तीशिवाय आणखी कोणत्या संदर्भांत वाचनात येतो? तीन उदाहरणे द्या.
2. ‘पूरग्रस्तांना अन्नाची पाकिटे वाटण्यात आली’ हे वाक्य कर्ता स्पष्ट करून लिहा.
3. तुमच्या वस्तीत पाणी शिरण्याची शक्यता आहे, असे समजून शेजाऱ्यांसाठी चाळीस शब्दांची सूचना तयार करा. ती घरातील ज्येष्ठ व्यक्तीला वाचून दाखवा. ऐकल्यावर त्यांनी ‘मग आम्ही नक्की काय करायचे?’ असे विचारले, तर सूचना पुन्हा लिहा.