शब्दबोध : ‘मूळ’

वारकरी सज्जनहो, पालख्या पुण्यात नाना-भवानी पेठेत मुक्कामाला आल्या, की ओळखीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “माउली, मूळ गाव कुठलं?” हा ‘मूळ’ शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचे अर्थ वेगवेगळे आहेत. ते नीट ध्यानात ठेवले नाहीत, तर अभंगाचा अर्थ भलताच होतो. म्हणून आज त्याचा विचार करू.

पहिला अर्थ झाडाच्या मुळाचा. मूळ दिसत नाही, पण झाड उभे आहे ते त्याच्याच जिवावर.

दुसरा अर्थ उगम. शाळेतली पोरं याला इंग्रजीत ‘सोर्स’ म्हणतात. तो शब्द ‘वर येणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला. आपला ‘उगम’ही ‘उद्गम’ म्हणजे वर येणेच. इंद्रायणीचे मूळ लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, भीमेचे भीमाशंकरी. दोघी तुळापुरास मिळतात. पुण्याची मुळा-मुठाही पुढे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते.

तिसरा अर्थ अस्सल. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणतात, तोच हा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे नकला करता करता पाठ बिघडले. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली. मूळ राखायचे तर असे कष्ट घ्यावे लागतात.

चौथा अर्थ मात्र आता विसरत चालला आहे. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस पाठवतात त्याला, आणि त्या बोलावण्यालाही, ‘मूळ’ म्हणतात. गावाकडे ज्याला मुराळी म्हणतात, तोच हा. संतांनी पंढरीला माहेर मानले आणि त्या माहेरच्या मुळाची वाट पाहिली. अशा ठिकाणी कोणी झाडाचे मूळ धरून बसला, तर लेकीची सारी तळमळ हातची गेली! बाकीच्या अर्थांत आपण मुळाचा शोध घेत जातो. इथे मूळच आपल्याला न्यायला येते.

तेव्हा अभंगात ‘मूळ’ शब्द आला, की आधी मागचे-पुढचे चरण पाहावेत. तिथे झाड-पाणी आहे, की सासर-माहेर आहे? मगच अर्थ लावावा. घरातल्या लेकरांनाही हा चौथा अर्थ आवर्जून सांगावा. नाहीतर शब्द राहील आणि त्यातलं माहेर जाईल.

रामकृष्णहरि!