मुलांसाठी तंबोरा निवडताना : आकार, आवाज आणि हाताळणी



एखादं मूल सुरात गातंय हे लक्षात आलं, की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, तंबोरा घ्यायचा का? कोणता घेऊ?" चुकीचा तंबोरा घेतला तर पैसे अडकतात, हे खरं. पण मोठं नुकसान वेगळंच आहे. न झेपणाऱ्या पट्टीत गाऊन मुलाचा गळा ताणला जातो. म्हणून आज हा विषय घेऊ.

आपण सातारा-सांगलीकर या बाबतीत नशीबवान आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून मिरजेत तंतुवाद्यं बनू लागली. मंगळवेढा-पंढरपूर भागातले भोपळे आणि तून जातीचं लाकूड यांतून आजही ती तिथे घडतात. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. साताऱ्याहून मिरजेला थेट रेल्वे आहे, त्यामुळे वाद्य समोर वाजवून बघून घेता येतं.

१) आकार

• पुरुषी तंबोरा : सुमारे पाच फूट उंच, भोपळा मोठा. पेटीवरच्या काळी एकच्या आसपासची पट्टी.
• जनानी तंबोरा : त्याहून थोडा लहान. काळी चार, काळी पाचच्या आसपासची पट्टी.
• तंबोरी : साधारण तीन फूट. हिला भोपळा नसतो, लाकडाची चपटी पेटी असते.

मोठं वाद्य म्हणजे चांगलं वाद्य, हा समज आधी काढून टाकू. आकार हा पट्टीशी बांधलेला असतो. पुरुषी तंबोरा मुलीच्या पट्टीपर्यंत चढवला तर तारा जास्त ताणल्या जातात आणि तुटतात. उलट लहान तंबोरी खूप उतरवली तर तारा सैल पडून नुसत्या खडखडतात. म्हणून आधी गाणं शिकवणाऱ्या गुरूंकडून मुलाची पट्टी ठरवून घ्यावी, मगच वाद्य बघायला जावं. वयात येताना मुलग्यांचा आवाज फुटतो आणि पट्टी खाली येते. म्हणून दहा वर्षांच्या मुलासाठी महागडं वाद्य घेण्याची घाई नको.

२) आवाज

तंबोऱ्याला चार तारा : पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या (यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खर्जाची. रागात पंचम नसेल तर पहिली तार बहुधा मध्यमात लावतात.

इथे विज्ञानाचा छान धडा आहे. बँडमधला मोठा बी-फ्लॅट ट्युबा घ्या. त्याची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरते, तर युफोनियमची सुमारे ९ फूट. नळी दुप्पट, म्हणून आवाज एक सप्तक खाली. तंबोऱ्यात मात्र चारही तारांची लांबी जवळपास सारखीच असते, तरी खर्ज जोडापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. कारण ती तार पितळी आणि जाड असते. जड तार सावकाश कंप पावते.

दुसरी गंमत जवारीची. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली दोरा सरकवलेला असतो. त्यामुळे तार घोडीला टेकत-सुटत कंप पावते आणि आवाज भरून येतो. वाद्य चांगलं जुळलं, की कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना खर्जातून गंधार ऐकू येतो. विकत घेताना हीच परीक्षा करा. आवाज बोदा वाटला तर जवारी काढून द्यायला सांगा. हे काम कारागिराच्याच हातचं.

३) हाताळणी

मूल मांडी घालून बसल्यावर खांदा न उचलता बोटं तारांवर पोचली पाहिजेत. मधल्या बोटाने पहिली तार, पहिल्या बोटाने उरलेल्या तीन. खुंट्या मुलाला फिरवता येतात का आणि फिरवल्यावर जागेवर राहतात का, हेही बघा. भोपळा धक्क्याने तडकतो. एसटीने क्लासला जाणाऱ्या मुलासाठी तंबोरी सोयीची. तिचा आवाज कमी भरीव असतो, पण घरच्या रियाजाला पुरतो.

४) कमी खर्चात काय?

पहिलं वर्षभर इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईलवरचं मोफत ॲप चालेल. पट्टी लगेच बदलता येते, हा मोठा फायदा. पण त्यात तार जुळवावी लागत नाही आणि जुळवताना कान जसा तयार होतो, तसा तिथे होत नाही. म्हणून मूल टिकून शिकतंय असं दिसलं, की तंबोरी किंवा दुरुस्त केलेला जुना जनानी तंबोरा बघावा.

वर्गातला उपक्रम : स्टीलची पट्टी बाकाच्या कडेला दाबून धरा. आधी जास्त, मग कमी भाग बाहेर ठेवून छेडा. आवाज कसा बदलतो ते मुलांनाच सांगू द्या. मग तंबोऱ्याच्या सारख्या लांबीच्या तारा दाखवून विचारा, "मग हिचा आवाज खाली का?"

उत्तर लगेच सांगू नका. मुलांना तारांना हात लावून बघू द्या.