राज्यपालांना आपण मत का देत नाही?



नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "अमेरिकेत गव्हर्नरला लोक निवडून देतात, मग आपण राज्यपालांना मत का देत नाही?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर आपण मिळून शोधू या.

प्रथम एक घोटाळा दूर करू. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असे आपण म्हणतो. पण अमेरिकेच्या ५० राज्यांत गव्हर्नर हाच सरकारचा खरा कारभारी असतो. आपल्याकडे मुख्यमंत्री जे काम करतात, ते तेथे तो करतो. ४८ राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची, तर न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये दोन वर्षांची असते.

बहुतेक राज्यांत मतदार इतर काही अधिकारीही निवडतात. नॉर्थ कॅरोलिनात अशी १० पदे आहेत : गव्हर्नर, उपगव्हर्नर, महाधिवक्ता, राज्य सचिव, खजिनदार, हिशेबतपासनीस, शेती, कामगार व विमा या खात्यांचे प्रमुख आणि सरकारी शाळांचा प्रमुख. म्हणजे शिक्षण खात्याचा प्रमुखसुद्धा पालकांच्या मतांवर निवडून येतो!

याचा फायदा उघड आहे. हिशेबतपासनिसाची खुर्ची गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून नसते. पण अडचणही आहे. २०२० मध्ये याच राज्यात गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि उपगव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचा निवडून आला. काम अडले तर मतदाराने जाब कोणाला विचारायचा?

काही राज्यांत गव्हर्नरला मुदतीपूर्वी परत बोलावता येते. कॅलिफोर्नियात ७ ऑक्टोबर २००३ रोजी मतदारांनी ग्रे डेव्हिस यांना पदावरून दूर केले. त्याच मतपत्रिकेवर १३५ उमेदवार होते. त्यांतून चित्रपट अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले.

आता आपल्याकडे वळू. राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असे आपल्या संविधान सभेनेही १९४७ मध्ये ठरवले होते. मे १९४९ मध्ये मात्र सभेने हा निर्णय बदलला. मुख्यमंत्र्यांच्या पाठीशी लोकांचे बहुमत असणार. राज्यपालही लोकांनी निवडला, तर "मलाही जनतेने कौल दिला आहे" असे तो म्हणेल आणि एका राज्यात दोन सत्ताकेंद्रे होतील, अशी भीती होती. म्हणून अनुच्छेद १५५ नुसार राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. मंत्रिमंडळ मात्र विधानसभेला जबाबदार असते.

थोडक्यात, जास्त पदांना मत दिले म्हणजे लोकशाही जास्त झाली, असे नाही. ज्याच्या हाती कारभार आहे त्याला जाब विचारता आला पाहिजे. तुम्ही १८ वर्षांचे व्हाल तेव्हा मत देण्यापूर्वी हे जरूर पाहा.

स्वाध्याय : शिक्षण खात्याचा प्रमुख लोकांनी निवडावा की सरकारने नेमावा? घरी आई-बाबांशी चर्चा करा आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन मुद्दे वहीत लिहून आणा.