टाकाऊ वस्तूंचा शेतघरी उपयोग

काटकसर म्हणजे कद्रूपणा नव्हे. हाती असलेल्या वस्तूपासून शक्य तितका उपयोग करून घेणे, हाच तिचा खरा अर्थ होय. शेतकऱ्याच्या घरात फुटका माठ, विरलेले लुगडे, तेलाचा रिकामा डबा अशा वस्तू कोपऱ्यात साठत जातात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचून डासांची पैदास होते, किंवा त्या कवडीमोलाने भंगारात जातात. वास्तविक थोड्या श्रमाने त्यांचा शेतीस व संसारास चांगला उपयोग करून घेता येतो. तथापि, कोणती वस्तू पुन्हा वापरावी व कोणती मुळीच वापरू नये, याचा विवेकही तितकाच आवश्यक आहे.

१. जुना माठ : झाडाचा पाणीसाठा

झिलई न केलेल्या मातीच्या भांड्यास सूक्ष्म छिद्रे असतात. असे भांडे गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरले असता, भोवतालची माती कोरडी असेल तितके पाणी अधिक झिरपते व माती ओली झाली की झिरपणे आपोआप मंदावते. पाणी थेट मुळांच्या थरात जात असल्याने पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन कमी होते आणि तणही कमी माजते. ही रीत फार जुनी असून चीनमधील सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात तिचे वर्णन आढळते.

उन्हाळ्यात पाणी गार न करणारा माठ घरात निरुपयोगी ठरतो. त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. म्हणून असा माठ पुरण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. माठ बाहेरून काथ्याने घासून धुवावा, पाण्याने भरावा व एक दिवस सावलीत ठेवावा. बाहेरच्या अंगास ओल आली व पाण्याची पातळी उतरली, तर तो जसाच्या तसा उपयोगी पडेल. ओल न आल्यास बुडाजवळ पेन्सिलीच्या जाडीचे एक भोक पाडावे, जुन्या सुती धोतराची वात वळून त्यात घट्ट बसवावी व वातीस आतील बाजूने गाठ मारावी. या वातीवाटे पाणी हळूहळू मातीत उतरते. माठास बारीक तडा गेला असल्यास तो आतून सिमेंटच्या खळीने बुजवावा.

दुधी, दोडका, काकडी यांसारख्या वेलवर्गीय भाज्यांसाठी आठ ते दहा लिटरचा माठ पुरून त्याच्या भोवती तीन-चार ठिकाणी बी टोकावे. आंबा, चिकू यांच्या नव्या कलमास दोन्ही बाजूंस एकेक माठ पुरल्यास उन्हाळ्यात कलम वाचण्यास मदत होते. माठाच्या तोंडावर झाकण अवश्य ठेवावे. त्यामुळे पाण्याची वाफ होत नाही, डास अंडी घालीत नाहीत व लहान जनावरे आत पडत नाहीत. पाणी खारे असल्यास माठाची छिद्रे लवकर बुजतात, हेही ध्यानात ठेवावे.

२. जुने लुगडे : गोधडी

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर असते. त्याचे तीन समान तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा सुमारे पावणेतीन मीटर लांबीचा, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणास पुरेसा होतो. दोन धड तुकडे वरखाली व तिसरा मध्ये घालावा. अधिक उबेसाठी मध्ये जुनी धोतरे, पंचे किंवा उपरणी पसरावीत. कापड प्रथम गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. थर सपाट जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढाव्यात, कडेने व मध्ये लांब टाके घालून ते जागच्या जागी धरावेत आणि मग जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत ओळीने धावदोरा घालीत जावे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या साड्या यासाठी घेऊ नयेत. त्या घाम शोषीत नाहीत व ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटतात.

३. तेलाचा डबा : बियाण्याचा साठा

खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कडधान्याच्या बियाण्यास उत्तम. डबा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुवावा व दोन दिवस उन्हात पालथा ठेवून पूर्ण सुकवावा. बियाण्यातील ओलावा हरभरा, तूर, मूग यांत शेकडा ९ पेक्षा अधिक नसावा. दाणा दाताखाली धरला असता न दबता कटकन फुटला, तर तो साठवणुकीयोग्य समजावा. उन्हातून आणलेले बी थंड होऊ द्यावे व मगच डब्यात भरावे, अन्यथा आत घाम धरतो. कडधान्यातील भुंगेरा शेतातील शेंगेवरच अंडी घालतो व दाण्याबरोबर घरात येतो. उबदार हवेत त्याची एक पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते. यास प्रतिबंध म्हणून एक किलो दाण्यास पाच मिलिलिटर शेंगदाणा तेल चोळावे. झाकणाची फट मेण किंवा चिकणमातीने बंद करावी व डबा भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावा.

४. या वस्तू कदापि वापरू नयेत

कीटकनाशकाची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी तो घरात आणू नये. त्यात पाणी, तेल, रॉकेल किंवा धान्य साठविणे म्हणजे घरात विष ठेवणे होय. वेष्टनावरील चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा रंग असतो. त्यांतील लाल रंग सर्वांत तीव्र विषाची खूण असला, तरी हिरव्या खुणेचा डबाही वापरास योग्य ठरत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत अशी तरतूद आहे. डबा तीन वेळा खळखळून धुवावा, ते धुवण फवारणीच्या टाकीत ओतावे, डब्यास भोके पाडून तो निरुपयोगी करावा व वस्तीपासून आणि पाण्याच्या ठिकाणापासून दूर पुरावा. औषध लावलेल्या रंगीत बियाण्याच्या पिशव्यांसही हाच नियम समजावा. खतांच्या गोणींतही खाण्याचे धान्य भरू नये. मात्र धुतलेल्या गोणी शिवून खळ्यावरील गंजीचे आच्छादन करण्यास हरकत नाही.

सारांश, जुनी वस्तू हाती घेताच प्रथम तीत पूर्वी काय होते ते पाहावे व मगच पुढील उपयोग ठरवावा. ठाऊक नसेल, तर ती वस्तू बाजूस ठेवणेच शहाणपणाचे. ज्यांचा उपयोग ठरला नाही अशा वस्तू पालथ्या घालून ठेवाव्यात व आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व पाणीसाठे रिकामे करून कोरडे करावेत. एक माठ, एक गोधडी व एक डबा इतक्यापासून आरंभ केला, तरी येत्या उन्हाळ्यात कलम जगेल, थंडीत ऊब मिळेल आणि पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.